नर्सरीत ‘सर’ चालतील?

तुमच्या पिल्लाच्या नाहीतर भाचीच्या नर्सरीत पुरुष टीचर किती? व्हॅनवाले काका आणि वॉचमन सोडून बोला! उत्तर बहुधा शून्य.

माझा एक दोस्त धडगावकडचा, पावरा आदिवासी. बालशिक्षणाचा कोर्स करून त्यानं पुण्यातल्या एका नर्सरीत इंटरव्ह्यू दिला. पहिला प्रश्न, ‘‘मुलींची शी-शू तुम्ही कशी काय करणार?’’ दुसरा, ‘‘तुमचं मराठी जरा वेगळं वाटतं, पेरेंट्सना चालेल का?’’ म्हणजे आधी पुरुष म्हणून आउट, त्यातून वाचलाच तर आदिवासी म्हणून. आणि आम्ही इकडे एसीत बसून डायव्हर्सिटीचं ट्रेनिंग घेतोय!

मग गावाकडे अंगणवाडी? छे. 1975 साली आयसीडीएस योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका ही बाईच. नियमच तसा. आणि तिला पगार नाही, मानधन. मुलं सांभाळणं हा बाईचा स्वभाव. स्वभावाला कुणी पगार देतं का? सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायलाही 2022 साली सुप्रीम कोर्ट लागलं. याला पुरुषांवरचा अन्याय म्हणा हवं तर. मला तरी हा बायकांना स्वस्तात राबवण्याचाच फंडा वाटतो.

गंमत म्हणजे बालशिक्षणातला आपला दादामाणूस पुरुषच होता. गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणात आले, 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशीवाली आई! ताराबाई मोडक त्यांच्याबरोबरच काम करत. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट आदिवासींच्या अंगणात नेली.

धडगावात तर भाषेचाही प्रश्न. घरात पावरी किंवा भिली, शाळेत मराठी. पोर पहिल्या दिवशी गप्प बसतं आणि ‘ढ’ ठरतं. 1991-92 पासून नर्मदा बचाव आंदोलनानं जीवनशाळा काढल्या, तिथं आदिवासी तरुणच गुरुजी झाले.

माझा दोस्त आता तिकडच्याच एका शाळेत पहिलीला शिकवतो. गोष्ट पावरीत, मग मराठीत. नाकं पुसतो, रडणाऱ्याला कडेवर घेतो. पुरुष असून हे कसं करता, असं तिथं त्याला कुणी विचारत नाही. आयांचा प्रश्न वेगळाच असतो, ‘‘गुरुजी, पोरगं मराठी कधी बोलणार?’’