असं का होतं? : घर विकलं, तरी मालक तोच!

फ्लॅट घेतलेल्या कुणालाही दुय्यम निबंधक कार्यालयातला दिवस आठवतो. अंगठ्याचे ठसे, फोटो आणि त्याआधी भरलेलं भलंमोठं मुद्रांक शुल्क. मग ६४ लाख ५० हजार पौंडांची इमारत घेऊनही हे शुल्क टळतं कसं?

समजा, दागिना कुलूपबंद पेटीत आहे आणि नोंदवहीत लिहिलंय, ‘दागिना पेटीचा’. तुम्ही दागिना न घेता अख्खी पेटीच घेतलीत. दागिना तुमचा झाला, वहीतली नोंद मात्र तशीच राहिली.

लंडनच्या हार्कोर्ट स्ट्रीटवरची ही इमारत अशाच पेटीत होती. पेटी म्हणजे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधली कंपनी. २०१७ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि त्यांच्या पत्नी चेरी यांनी ती कंपनीच घेतली. कागदोपत्री इमारतीचा मालक बदललाच नाही; हात बदलले ते शेअर्सनी. परदेशी कंपनीच्या शेअर्सवर ब्रिटनचं मुद्रांक शुल्क लागत नाही. वाचले सुमारे ३ लाख १२ हजार पौंड. हे उघड झालं २०२१ च्या ‘पँडोरा पेपर्स’ या फुटलेल्या गोपनीय कागदपत्रांमधून.

यात बेकायदा काही नव्हतं. कंपनीमार्फत विकण्याचा आग्रह विक्रेत्यांचा होता, असं चेरी ब्लेअर यांनी सांगितलं. ते मान्य केलं तरी प्रश्न उरतो, कारण ही पळवाट बुजवण्याचा अधिकार संसदेचा, म्हणजे राजकारण्यांचाच.

२०२२ पासून ब्रिटनमध्ये जमीन-इमारती बाळगणाऱ्या परदेशी कंपन्यांना खऱ्या मालकाचं नाव नोंदवावं लागतं. पेटी आता पारदर्शक झाली. ती विकण्यावर बंदी नाही.