डॉकर-कंटेनरांचे नित्याचे बिघाड

आपल्या छायाचित्रांचे व कागदपत्रांचे दप्तर परक्या कंपनीच्या स्वाधीन न करता, घरच्याच संगणकावर नेक्स्टक्लाउडसारखी प्रणाली डॉकरच्या साहाय्याने चालविण्याची ज्यांनी उमेद धरली आहे, त्यांनी कंटेनर बंद पडताच तो पुसून नव्याने उभारण्याची घाई न करता प्रथम त्याचा लॉग वाचावा. कारण बिघाडाचे कारण बहुधा तेथेच, अखेरच्या काही ओळींत, नोंदलेले असते.

‘परमिशन डिनाइड’ असा मजकूर आढळल्यास प्रश्न मालकीचा समजावा. लिनक्समध्ये फाइलीची मालकी नावावर नव्हे, क्रमांकावर ठरते. डेबियनवर आधारलेल्या नेक्स्टक्लाउडच्या इमेजमधील वेब-सर्व्हर ३३ क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो, आणि आपण जोडून दिलेला फोल्डर १००० क्रमांकाच्या नावे असेल, तर तेथे लिहिण्यास त्याला मज्जाव होतो. अशा वेळी ७७७ची सरसकट मुभा देणे मला सर्वस्वी गैर वाटते. ‘चाउन’ आज्ञेने मालकी योग्य क्रमांकाकडे वर्ग करावी.

कंटेनर १३७ या अंकासह थांबला, तर बहुधा मेमरी अपुरी पडलेली असते.

डेटाबेसशी संपर्क जुळत नसेल, तर पत्ता तपासावा: कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतःच, सबब तेथे कंपोज-फाइलीतील सेवेचे नाव लिहावे. पोस्टग्रेसचा पासवर्ड त्या फाइलीत बदलूनही जुनाच लागू राहतो, कारण ते मूल्य डेटाची जागा रिकामी असताना, पहिल्या उभारणीच्या वेळीच काय ते वाचले जाते. बदल डेटाबेसमध्ये शिरूनच करावा लागतो. यावर व्हॉल्यूम पुसण्याचा सल्ला कोणी दिला, तर बॅकअप हाती असल्याखेरीज तो कदापि मानू नये.