पदरमोड करून पुस्तक काढताना

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वाटेत वळसंग लागते. या गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी एक विहीर आहे. समजा, इथल्या एका निवृत्त गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विहिरीच्या, दुष्काळाच्या, जुन्या बाजाराच्या आठवणी उतरवून घेतल्या. दोन वह्या भरल्या. सांगणारी माणसे एकेक करून निघून चालली आहेत. आता याचे पुस्तक व्हावे, असे गुरुजींना मनापासून वाटते. नामांकित प्रकाशकांकडून उत्तर येत नाही. आणि एके दिवशी मोबाईलवर निरोप येतो : 'आपले हस्तलिखित आमच्या समितीने निवडले आहे. अमुक रक्कम भरा, पुस्तक काढून देतो.'

आता गुरुजींनी काय करावे?

पहिली गोष्ट ही, की स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. खुद्द बाबासाहेबांनाही ही चिंता चुकली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च वीस हजार रुपयांच्या घरात जात होता आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून सप्टेंबर 1956 मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने सुमारे पाचशे प्रती विकत घ्याव्यात, अशी विचारणा केली. ते जमले नाही. डिसेंबरात बाबासाहेब गेले, आणि मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 साली बाहेर पडला. तेव्हा खर्च कोणी केला यावरून पुस्तकाची योग्यता ठरत नाही.

मग भेद कशात आहे? तो आहे मालकीत. गुरुजी स्वतः प्रकाशक झाले, तर ते छापखान्याला छपाईचे पैसे देतात आणि सगळ्या प्रती घरी आणतात. माल त्यांचा, हक्क त्यांचा, हिशोबही त्यांचाच. पैसे घेणाऱ्या प्रकाशकाकडे मात्र खर्च गुरुजींचा, नाव त्याचे, आणि हाती येतात मोजक्या प्रती. बाकीच्या छापल्या की नाही, हेही पुष्कळदा कळत नाही. खरा प्रकाशक वाचकाकडून पैसे मिळवतो, म्हणून पुस्तक खपावे यासाठी धडपडतो. याची कमाई लेखकाकडूनच आधी झालेली असते. मग वाचकाच्या दारात जाण्याची त्याला गरज काय?

अशा ठिकाणी आयएसबीएन क्रमांकाचे मोठे कौतुक सांगतात. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळखखूण. गुणवत्तेचा दाखला नव्हे. भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि लेखकालाही अर्ज करता येतो.

करारावर सही करण्यापूर्वी दुसऱ्याकडून तो वाचून घ्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पण 'कायमचे सर्व हक्क' असे शब्द असतील, तर पुढे स्वतःच्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला गुरुजींना दुसऱ्याची परवानगी मागावी लागेल. प्रती किती, त्या कोणाच्या, हिशोब केव्हा, हे चार ओळींत लिहून मागावे. जो टाळाटाळ करील, त्याला दुरून नमस्कार.

आता पैशाचा हिशोब. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर शहाण्णव पानांचे पुस्तक म्हणजे सहा फर्मे. समजा, तीनशे प्रतींना सगळा मिळून तीस हजार खर्च आला. म्हणजे प्रतीमागे शंभर रुपये. किंमत दीडशे ठेवली आणि दुकानदाराने चाळीस टक्के कमिशन घेतले, तर हाती नव्वदच येतात. प्रत्येक प्रतीला दहा रुपये घाटा! किंमत दोनशे ठेवली तर त्याच दुकानातून एकशेवीस येतात. आणि गुरुजींनी स्वतः विकल्या तर दीडशे प्रतींतच सगळा खर्च भरून निघतो. म्हणून आधी वहीत आगाऊ ग्राहकांची नावे घ्यावीत, मग प्रतींचा आकडा ठरवावा. नावे शंभर भरली तर हजार प्रती छापण्याचा हट्ट धरू नये. आज थोड्या प्रती छापून लागतील तशा पुन्हा काढता येतात.

छपाईआधी मुद्रिते दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्यावीत. लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची आधी चौकशी करावी. आणि स्वतः प्रकाशक झालात की प्रकाशकाचे कर्तव्यही आले : 1954 च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. ही कटकट समजू नये. वळसंगच्या म्हाताऱ्यांचे बोल कोलकात्याच्या कपाटात सुरक्षित राहतात, हे काय थोडे झाले?

एक प्रत मात्र आधी सांगणाऱ्यांच्या घरी द्यावी. आजोबा गेले असतील तर नातवाच्या हाती द्यावी. ते पुस्तक त्यांचेच आहे.