माल्टीपू घ्यायचाय? आधी हे ऐका

बोईसरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याच्या बाबांना दमा आहे, तरी तो माल्टीपू घेतोय. कारण विकणारा म्हणाला, याचे केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होणारच नाही.

भावा, टोकन देऊ नकोस. थोडं थांब.

माल्टीपू म्हणजे माल्टीज आणि पूडल. कॉकापू म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल. पगल म्हणजे पग आणि बीगल. नावं छान जुळतात, गुण तसे जुळतीलच असं नाही. आपल्याला वाटतं, चहात दूध घातलं की रंग मधला येतो, तसंच इथेही होणार. पण हे पत्ते वाटण्यासारखं आहे. अर्धे पत्ते आईकडून, अर्धे बापाकडून. त्यातही काही गुण लपून बसतात. लांब केसांचा गुण बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो. म्हणून आखूड केसांच्या जोडीलाही लांब केसांचं पिल्लू होऊ शकतं. आणि मिक्सचंच पुन्हा मिक्स केलं, की एकाच वेताची पिल्लं सख्खी भावंडं वाटत नाहीत.

आता अ‍ॅलर्जीचं. ती नुसत्या केसांमुळे होत नाही, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडलची जोडी लावली. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवली. चाललं फक्त एक पिल्लू! पुढे लॅब्राडूडलची फॅशन इतकी माजली, की कॉनरन यांनी स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

आपल्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. पालघर, बोईसर, तारापूर... मे महिन्यातला दमटपणा काय सांगायचा तुम्हाला! कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पग किंवा शित्झूचं बसकं नाक पिल्लात उतरलं, तर तेच त्याला जड जातं. तुम्ही एमआयडीसीत शिफ्टला, ते बंद फ्लॅटमध्ये, आणि लाइट गेली तर? पूडलचे कुरळे केस आले, तर ते गळतात कमी पण गुंततात फार. रोज विंचरायचे, नियमित कापायचे. पावसाळ्यात ओले राहिले, तर खाली त्वचा बिघडते.

'केसीआयचे पेपर आहेत' असं माल्टीपूबद्दल कुणी सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. केनेल क्लब ऑफ इंडिया अशा मिक्सची जात म्हणून नोंद करत नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

तर भावा, आधी बाबांच्या डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले, तरच बाबांना घेऊन जा. फोटोवर जाऊ नकोस. पिल्लाचे आई-बाप बघ, त्यांचं नाक बघ, आणि त्याच पिल्लाजवळ बाबांना तासभर बसू दे. एका दिवसात कळलं नाही, तर पुन्हा जा. विकणारा घाई करायला लागला, तर डहाणू लोकल पकड आणि सरळ घरी ये.