कापसाची वात, तारेचे वेटोळे

द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याचे जे विद्युत उपकरण जगभर व्हेप या नावाने ओळखले जाते, त्याच्या अनेक प्रकारांपैकी एका प्रकारात मुख्य भाग वापरणाऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधायचा असतो. या प्रकाराला जाणकार 'आरटीए' म्हणतात. तो म्हणजे पुन्हा पुन्हा बांधता येणारी टाकी. सर्वसाधारण उपकरणात तापणारी तार आणि तिला द्रव पुरवणारी वात कारखान्यातच एका छोट्या डबीत बंद केलेली असते आणि ती निकामी झाली की फेकून द्यावी लागते. आरटीएमध्ये काचेची टाकी काढली की खाली एक उघडा धातूचा तळ दिसतो, ज्याला 'डेक' म्हणतात. त्यावरच्या दोन खांबांना तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, स्क्रूने आवळायचे, कॉइलमधून कापूस ओवायचा, त्याची दोन्ही टोके द्रवाच्या खाचांत सोडायची आणि वर पुन्हा टाकी बसवायची, अशी ही रचना असते. तार आणि कापूस या दोनच गोष्टी वारंवार बदलाव्या लागतात, बाकीचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो.

व्हेपमागची, म्हणजेच ई-सिगारेटमागची, कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूर आणि तंबाखू या दोहोंविना चालणाऱ्या सिगारेटचे पेटंट 1963 मध्ये मागितले आणि ते त्यांना 1965 मध्ये मिळाले, परंतु ती वस्तू बाजारात रुजली नाही. आजच्या ई-सिगारेटचे जनकत्व चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांच्याकडे जाते. त्यांनी 2003 च्या सुमारास तयार केलेल्या उपकरणात द्रवाचे तुषार करण्याचे काम मुख्यतः अतिध्वनी कंपनांवर सोपवलेले होते. पुढे ही पद्धत मागे पडली आणि विजेने तापणारी तार व तिच्यातून जाणारी वात ही सोपी जोडी सर्वत्र स्थिरावली. तयार डब्यांच्या चवीवर आणि आयुष्यावर समाधान न मानणाऱ्या हौशी कारागिरांनी हीच जोडी उघडून आपल्या हाती घेतली आणि त्यातून पुन्हा बांधता येणाऱ्या टाक्यांची परंपरा उभी राहिली.

कॉइलसाठी सर्वाधिक वापरली जाणारी तार कँथलची असते. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू स्वीडनमधील हालस्टाहामर या गावी हान्स फॉन कांट्झो यांनी विकसित केला आणि 1931 पासून तो औद्योगिक भट्ट्यांच्या तारांसाठी प्रसिद्ध झाला. तापवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक पातळ, चिवट थर तयार होतो, जो आतल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो आणि शेजारच्या वेढ्याकडे वीज जाण्यासही अडथळा करतो. यामुळेच कँथलचे वेढे एकमेकांना चिकटवून बांधता येतात. निकेल आणि क्रोमियमचा नायक्रोम हा दुसरा पर्याय अधिक लवकर तापतो, पण त्याचा विद्युत रोध कँथलपेक्षा कमी असल्याने तेवढ्याच रोधासाठी तार अधिक लांब घ्यावी लागते.

रोधाचे गणित ओहमच्या नियमावर चालते आणि ते बांधणी करण्यापूर्वीच कागदावर मांडता येते. 0.32 मिलिमीटर जाडीच्या कँथल तारेचा रोध दर मीटरला सुमारे 18 ओहम असतो. ही तार 3 मिलिमीटर जाडीच्या दांडीभोवती सहा वेळा गुंडाळली आणि खांबांपर्यंत जाणारे दोन पाय धरले, तर एकूण लांबी साधारण 73 मिलिमीटर भरते आणि रोध 1.3 ओहमच्या आसपास येतो. 3.7 व्होल्टच्या सेलवर अशी कॉइल जेमतेम साडेदहा वॅट शक्ती घेते. 0.51 मिलिमीटर जाडीची तार त्याच दांडीवर तितकेच वेढे घालून वापरली, तर रोध अर्ध्या ओहमच्या जवळ उतरतो. मात्र जाड तारेत दर मिलिमीटरमागे अडीचपट धातू असतो, तर द्रवाला भिडणारा तिचा पृष्ठभाग सुमारे 1.6 पटच वाढतो, म्हणून ती तापायला आणि निवायलाही वेळ लावते. नुसता रोधाचा आकडा पाहून कॉइलची निवड करणारे येथेच फसतात. दोन कॉइलींचा रोध सारखा असूनही एक क्षणात वाफ देते आणि दुसरी बटण सोडल्यावरही द्रव शिजवत राहते, कारण त्यांच्यातील धातूचे वजन वेगळे असते.

कॉइल खांबांना आवळल्यावर, कापूस घालण्याआधी, ती अतिशय कमी शक्तीवर क्षणभर तापवून पाहण्याची रीत आहे. चांगली बसलेली कॉइल मध्यापासून बाहेरच्या वेढ्यांकडे एकसारखी लाल होत जाते. एखादाच वेढा किंवा एखादा पायच आधी लाल झाला, तर तेथे वेढ्यांचा संपर्क बिघडलेला असतो अथवा स्क्रू सैल असतो. अशा वेळी सिरॅमिकच्या टोकांच्या चिमट्याने वेढे हलकेच दाबून पुन्हा तापवायचे आणि लाली सर्वत्र समान होईपर्यंत हे काम धीराने करायचे, कारण ज्या ठिकाणी तार जास्त तापते, त्याच ठिकाणी पुढे कापूस जळणार असतो.

एवढे सगळे झाले तरी या यंत्राचे बरेवाईट कॉइलवर कमी आणि वातीवर अधिक ठरते. कॉइलविषयी भरपूर चर्चा होते, तिचे नक्षीदार प्रकार कौतुकाने दाखवले जातात, आणि बिघाड मात्र बहुतेक वेळा कापसात निघतो. आरंभीच्या काळात सिलिकाच्या तंतूंची दोरी आणि पोलादी जाळीची गुंडाळी अशा वाती वापरात होत्या. नंतर कापसाने त्यांना मागे सारले. यासाठी लागणारा कापूस शोषक असावा लागतो. बोंडातून निघालेल्या कच्च्या कापसाच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा लेप असतो व तो पाण्याला दूर लोटतो. हा लेप काढून टाकल्यावरच कापूस द्रव पितो.

वात द्रव ओढते ती केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद पोकळीत द्रव आपोआप पुढे सरकण्याच्या गुणधर्माने. तंतूंमधली पोकळी जितकी बारीक, तितका द्रव अधिक उंच चढतो, हे अठराव्या शतकाच्या आरंभी जेम्स ज्युरिन यांनी दाखवले होते. परंतु द्रव किती उंच चढतो आणि किती वेगाने चढतो हे दोन निराळे प्रश्न आहेत. रिचर्ड लुकास यांनी 1918 मध्ये आणि एडवर्ड वॉशबर्न यांनी 1921 मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार द्रवाचा वेग पोकळी रुंद असली की वाढतो आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा आतला विरोध, वाढली की घटतो. समईची वात फार घट्ट वळली तर तेल वर येत नाही आणि ज्योत काजळी धरते, हा घराघरातला अनुभव याच नियमाचा आहे. आरटीएमध्ये कॉइलपर्यंतचे अंतर काही मिलिमीटरच असते, त्यामुळे उंचीची अडचण जवळपास नसते आणि सारा प्रश्न वेगाचा उरतो. म्हणून कापूस गच्च भरण्याची सहजप्रवृत्ती येथे घातक ठरते.

श्यानतेचा विचार केला की द्रवाच्या मिश्रणाचे महत्त्व लक्षात येते. ई-द्रवात प्रामुख्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, त्यात सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन मिसळलेले असते. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीनची श्यानता प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या वीस पटींहून अधिक असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंश सेल्सिअसला उकळते, तर ग्लिसरीनला सुमारे 290 अंश लागतात. दाट पांढऱ्या वाफेसाठी ग्लिसरीनचे प्रमाण वाढवले की उकळण्यास उष्णता जास्त लागते आणि वातीतून द्रव मात्र हळू येतो, म्हणजे एकाच बदलाने मागणी वाढते आणि पुरवठा मंदावतो. पातळ मिश्रणावर उत्तम चाललेली वात दाट मिश्रणावर करपते, ती या कारणाने. थंडीच्या दिवसांत तीच वात अधिकच मागे पडते.

व्यवहारात कापसाचे प्रमाण हाताने जोखले जाते. कॉइलमधून ओढताना कापसाने किंचित अडावे, पण वेढे हलवू नयेत, एवढी त्याची जाडी असावी. तो कॉइलमध्ये सैल राहिला तर तारेचा काही भाग द्रवाला न भिडता हवेतच तापतो आणि फार घट्ट झाला तर मधोमध कोरडा राहतो. कॉइलबाहेर आलेल्या टोकांचे तंतू सुईने विंचरून विरळ करावे लागतात आणि टोके तिरकी कापून खाचांच्या तळाला टेकतील एवढीच ठेवावी लागतात. कापूस द्रवात फुगतो, रेयॉन तितका फुगत नाही, म्हणून रेयॉनची वात सुरुवातीपासून थोडी भरीव ठेवण्याची पद्धत आहे. टाकी बसवण्यापूर्वी वात द्रवाने पूर्ण भिजवून घेणे हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये, कारण कोरड्या कापसावरचा पहिलाच झुरका त्याला कायमचा डाग लावतो.

याहून सूक्ष्म गोष्ट टाकीतील दाबाची आहे आणि आरटीएची रचना समजून घेण्याची किल्ली तीच आहे. वरून घट्ट बंद असलेल्या टाकीतून थेंबभर द्रव बाहेर गेला की आत तेवढी पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी हवा आत यावी लागते, आणि तिला येण्याचा मार्ग द्रवाच्याच खाचेतून, कापसाच्या बाजूने असतो. झुरक्यानंतर काचेतून वर जाणारे बुडबुडे दिसतात, ती ही परत येणारी हवा असते. खाचेत कापूस ठासला तर हवेला वाट मिळत नाही, आतला दाब घटत जातो आणि टाकी अर्धी भरलेली असतानाही कॉइल तहानलेली राहते. कापूस कमी पडला तर उलटा प्रकार घडतो: खाच उघडी राहते, द्रव डेकवर साचतो आणि हवेच्या छिद्रांतून बाहेर गळतो. विमानात गेल्यावर टाक्या गळतात, कारण कॅबिनमधील दाब उतरला की टाकीतली अडकलेली हवा प्रसरण पावते आणि द्रवाला वातीतून ढकलते. खाचेतल्या त्या चिमूटभर कापसावर एकाच वेळी द्रव सोडण्याची, हवा आत घेण्याची आणि गळती थोपवण्याची अशी तिहेरी जबाबदारी असते. या यंत्रातले खरे कौशल्य तेथे आहे.

पुरवठा तुटला की काय होते, हा प्रश्न केवळ चवीचा नाही. द्रव उकळत असतो तोवर बहुतेक उष्णता त्याच्या बाष्पीभवनात खर्ची पडते आणि तारेचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास रोखले जाते. द्रव संपताच हा लगाम सुटतो. कापसातील सेल्युलोज साधारण 250 ते 300 अंशांच्या दरम्यान विघटित होऊ लागते, ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन हा डोळे व घसा जाळणारा वायू तयार होतो आणि फॉर्माल्डिहाइडही निर्माण होते. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये असे नोंदवले की एका उपकरणात 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइडची संयुगे आढळली नाहीत, पण 5 व्होल्टला ती आढळली. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कोन्स्टान्टिनोस फार्सालिनोस यांनी त्यावर आक्षेप घेतला की एवढ्या शक्तीवर वात कोरडी पडते आणि कोणीही ओढू शकणार नाही असा जळका झुरका मिळतो. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि त्यातून वातीची चिंता कमी होत नाही, उलट घातक पदार्थांचे प्रमाण वातीच्या पुरवठ्याशी किती निगडित आहे हेच त्यातून दिसते.

याच अडचणीवर विद्युत मंडलाच्या बाजूनेही उपाय शोधला गेला. अमेरिकेतील इव्हॉल्व्ह कंपनीच्या 2014 सालच्या डीएनए 40 या मंडलाने शुद्ध निकेलच्या कॉइलचा रोध सतत मोजून तिचे तापमान ओळखण्याची सोय केली. तापमान एका अंशाने वाढले की निकेलचा रोध सुमारे 0.6 टक्के वाढतो, आणि ठरवलेली मर्यादा गाठताच मंडल वीज कमी करते. कँथलचा रोध तापमानाबरोबर जवळपास बदलत नाही, म्हणून ही युक्ती कँथलवर चालत नाही. गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजचा काळा थर कॉइलवर साचतो, त्यावर मात्र कोणतेही मंडल उपाय करू शकत नाही. तेथे तार स्वच्छ करणे आणि कापूस बदलणे हाच मार्ग उरतो. फेकून देण्याच्या उपकरणांत नेमकी हीच सोय नसते. आतली वात करपली आहे की नाही हे दिसत नाही, बदलता येत नाही, आणि वापरून झाल्यावर लिथियमचा सेल प्लास्टिकसह कचऱ्यात जातो. ब्रिटनने 1 जून 2025 पासून अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. दुरुस्त होणारे यंत्र न होणाऱ्यापेक्षा सर्व बाजूंनी श्रेष्ठ आहे, असे येथे निःसंकोच म्हणता येते.

भारतात सप्टेंबर 2019 मधील अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि नुसत्या साठवणुकीसाठी निराळी शिक्षा आहे. यामुळे येथील वाचकाच्या दृष्टीने हे यंत्र अभ्यासाचा विषय आहे. निकोटीनचे व्यसन लागते, आणि ज्याने कधी धूम्रपान केलेले नाही, त्याला या यंत्राकडे वळण्याचे कोणतेही कारण नाही. ज्या देशांत त्याला परवानगी आहे तेथे राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी ते वापरणाऱ्या मराठी माणसांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात: नवी कॉइल सेलवर चढवण्यापूर्वी तिचा रोध मीटरवर मोजावा, आणि जळका वास येताच पुढचा झुरका न घेता टाकी उघडून कापूस बदलावा.