पारख शिकवणारा शिक्षक आणि लांज्याचा सडा

शिक्षक वर्गात येण्याआधीच एखाद्या विषयाची माहिती विद्यार्थ्याच्या घरातील फोनवर येऊन पोहोचत असेल, तर माहिती पुरवणे हे शिक्षकाचे मुख्य काम उरत नाही. तिची पारख करायला शिकवण्याचे काम मात्र वाढते. महाराष्ट्रात या बदलाची चर्चा बहुधा क्यूआर कोडपाशी थांबते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले, म्हणजे छापील चौकोनी खुणेवर फोनचा कॅमेरा धरताच त्या पाठाची ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडावी अशी सोय केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. हे काम मोलाचेच आहे, परंतु कोडने उघडलेल्या मजकुराला कोणता प्रश्न विचारायचा, हे अखेर वर्गातच ठरते.

लांजा तालुक्यात या प्रश्नाला उत्तम विषय मिळतो. रत्नागिरी, राजापूर आणि लांजा या तालुक्यांतील सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पे कोरलेली आहेत. कोकणातील अशा स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. राजापूर तालुक्यातील कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. या शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तरी आंतरजालावर मात्र हजारो वर्षांचे आकडे निःशंकपणे दिलेले आढळतात.

येथे अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचे संशोधन उपयोगी पडते. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस संकेतस्थळांची विश्वासार्हता कशी जोखतात, हे त्यांनी पाहिले, तेव्हा तपासनीस एकाच पानावर खिळून न राहता लगेच बाहेर पडतात आणि ते पान कोणाचे, त्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे, हे शोधतात, असे दिसले. या पद्धतीला आडवे वाचन म्हणता येईल. कातळशिल्पाच्या वयाचे दोन परस्परविरोधी दावे समोर ठेवून सातवी-आठवीच्या मुलांना ती शिकवता येते, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या हाती फोन असण्याची गरज नाही.

ही बाब येथे महत्त्वाची आहे, कारण महामार्गावरच्या लांजा शहरात मिळणारी रेंज सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत मिळेलच असे नाही. जिथे कमी पटाच्या शाळेत एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतो, तिथे आधीच उतरवून घेतलेली पाने छापून गटांना देणे हा थेट प्रक्षेपणापेक्षा भरवशाचा मार्ग ठरतो. एक गट दावे तपासत असताना शिक्षकाला दुसऱ्या इयत्तेकडे वळता येते.

पुढचा टप्पा सड्यावरचा. कोरीव रेषेवर पाय न देता मोजपट्टीने आकृती मोजणे, गावातील जाणत्यांकडून तिच्याविषयी ऐकणे आणि आंतरजालावरच्या वर्णनाशी ते ताडून पाहणे, यात माहितीचा वाचक स्वतः माहिती नोंदवणारा होतो. ही नोंद प्रसिद्ध करायची झाल्यास मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय जोडू नयेत आणि शिल्पाचे नेमके ठिकाण जाहीर करण्यापूर्वी त्याच्या सुरक्षिततेचा विचार व्हावा. मोजमाप कोणी व कधी घेतले, कोणती गोष्ट ऐकीव आहे, हे प्रत्येक नोंदीशेजारी लिहावे. आणि दोन स्रोतांत मेळ बसत नसेल, तर एक खोडण्याऐवजी दोन्ही ठेवून त्यांतला फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत मांडावा.