मेटॅलिक रंग जाड हाताने झाकत नाही

मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगचा धंदा आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या हातात आहे. कुर्ल्याच्या गॅरेजपासून तालुक्याच्या गावातील शेडपर्यंत सर्वत्र एक तक्रार सारखीच असते. साधा रंग नीट बसतो, पण सिल्व्हर किंवा ग्रे मेटॅलिक मारला की ढग उठतात, पट्टे दिसतात, खालचा सरफेसर डोकावतो. ट्यूबलाइटखाली काम चांगले वाटते; गाडी उन्हात आणली की दरवाजा एका रंगाचा आणि फेंडर दुसऱ्या रंगाचा. मग ग्राहक पैसे अडवतो, पॅनेल पुन्हा घासावे लागते आणि मिळालेली मजुरी दुसऱ्या वेळच्या रंगात व थिनरमध्ये जाते. हे नुकसान कसे टाळावे, याचा आज विचार करू.

ढग का उठतात?

साध्या रंगातील कण प्रकाश अडवतात. म्हणून तो रंग थोडा जाड मारला तरी चालतो. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक व पातळ पापुद्रे असतात. हे पापुद्रे छपरावरील कौलांसारखे आडवे निजले तर प्रकाश सगळीकडून सारखा परततो. रंग फार ओला पडला तर ते त्यात फिरतात, तिरके होतात, एका जागी गोळा होतात आणि तिथे गडद ढग दिसतो. फार कोरडा पडला तर तीच शेड फिकट व खरखरीत दिसते. म्हणजेच शेड अर्धी डब्यात असते आणि अर्धी कारागिराच्या हातात.

बेस कोटचा सुकलेला थर साधारण १५ ते २० मायक्रॉन एवढाच असतो. चमक आणि खोली वरच्या क्लिअरने येते. तेव्हा बेस कोटमध्ये चमक आणण्यासाठी रंग ओतणे व्यर्थ आहे.

खालची जमीन एकसारखी हवी

सिल्व्हर, सोनेरी आणि लाल पर्ल हे रंग झाकण्यात कमजोर असतात. पॅनेलवर कुठे पुट्टी, कुठे ग्रे सरफेसर आणि कुठे जुना रंग असेल, तर चार हात मारूनही ठिगळे दिसतात. म्हणून आधी पूर्ण पॅनेल एका रंगाचे करावे. फिकट मेटॅलिकखाली फिकट ग्रे व गडद मेटॅलिकखाली गडद ग्रे, हा साधा नियम आहे; रंगाच्या कंपनीने वेगळे सांगितले असेल तर ते पाळावे. सरफेसर शेवटी ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासावा. जाड पेपरचे ओरखडे मेटॅलिकमध्ये लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

गन आणि हात

पापुद्रे डब्याच्या तळाशी बसतात. म्हणून रंग तळापासून ढवळून, गाळून घ्यावा आणि मधे थांबल्यास गन हलवून घ्यावी. थिनर अंदाजाने न ओतता डब्यावरील प्रमाणात मोजून घालावा. उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर लागतो. लवकर उडणाऱ्या थिनरमुळे रंग हवेतच सुकून पडतो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढावे आणि लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा.

नोझल १.३ किंवा १.४ मिलिमीटरचे पुरते. गन ६ ते ८ इंचांवर, पॅनेलला सरळ समोर धरावी. मनगट वळवून कमान करू नये. साध्या रंगात एक पट्टा दुसऱ्यावर निम्मा चढवला तरी पुरते. मेटॅलिकमध्ये तो दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश चढवावा. हाताचा वेग शेवटपर्यंत एकच ठेवावा.

एकूण दोन किंवा तीन मध्यम हात मारावेत. पहिल्या हाताची ओली चमक जाऊन तो मंद झाल्याशिवाय दुसरा मारू नये. याला ५ ते १० मिनिटे लागतात, दमट हवेत जास्त. रंग झाकला की नाही हे ठरवण्यास सोपा उपाय आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद मास्किंगवर चिकटवावा आणि प्रत्येक हात त्यावरूनही न्यावा. पट्टे दिसेनासे झाले की रंग झाकला. पुढचा हात वाया जातो.

त्यानंतर शेवटचा हलका हात, ज्याला ड्रॉप कोट म्हणतात. हा झाकण्यासाठी नसून पापुद्रे सारखे बसवण्यासाठी असतो. गन १० ते १२ इंचांवर, दाब थोडा कमी. मग क्लिअर मारण्यापूर्वी पॅनेल उजेडात तीन बाजूंनी पाहावे. यावेळी ढग दिसला तर हलक्या हाताने सुधारता येतो. क्लिअर चढल्यावर घासण्याशिवाय मार्ग नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

कोड बरोबर असूनही सिल्व्हर शेजारच्या जुन्या पॅनेलशी जुळेलच असे नाही. तेव्हा रंग शेजारच्या पॅनेलवर विरवत न्यावा लागतो आणि त्या पॅनेललाही क्लिअर द्यावा लागतो. हा खर्च ग्राहकाला आधी सांगून एस्टिमेटमध्ये लिहावा. आधी लिहिलेले मान्य होते, मागून मागितलेल्यावर भांडण होते. दुसरे, प्रत्येक शेडचे एक कार्ड मारून त्यावर क्लिअर द्यावा व मागे कोड, दाब आणि हातांची संख्या लिहून ठेवावी. अशी कार्डे गॅरेजचे भांडवल होत.

एक इशारा. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. हवा बाहेर खेचणारा पंखा आणि योग्य मास्क यांचा खर्च कामाच्या दरातच धरावा. शिकाऊ मुलांनाही त्याशिवाय शेडमध्ये उभे करू नये.